पाठीचा रंग

"हे कोण?" मी विचारले.

हेमांगीने तालमीच्या कट्ट्यावर फोटो ठेवला होता आणि भोवतीची पोरे एकमेकांच्या खांद्याआड तोंडे लपवून हसू दाबीत होती. फोटोत दोन पैलवान झुंजत होते आणि दोघेही निळे होते. वरचा फिकट निळा, खालचा गडद निळा. त्यांच्या अंगाखालची माती, जी आमच्या आखाड्यात पिकल्या मिरचीसारखी तांबडी असते, ती चुलीतल्या राखेसारखी दिसत होती.

"संताजी आहे, आईसाहेब," हेमांगी म्हणाली. "आणि खाली तो मायाप्पा."

"माझा नातू पंचगंगेच्या डोहातून बाहेर काढल्यासारखा दिसतो आहे."

मग पोरांना हसू आवरले नाही. संताजीही हसला. मायाप्पा मुळातच काळा, त्यात आता निळा, म्हणजे त्याला थेट देव्हाऱ्यातच बसवायला हवा, असे कुणीसे म्हणाले. हेमांगी तेवढी हसली नाही. मिरजेच्या लॅबमधले यंत्र लग्नाच्या फोटोंसाठी लावून ठेवलेले असते, असे तिने मला समजावले. शालू, हार, माणसांचे चेहरे, एवढेच त्याला ठाऊक. फोटोभर तांबडी माती दिसली की काहीतरी बिघडले आहे असे समजून ते आपणहून निळा रंग ओतते.

"त्याला वाटतं, जगात इतकं तांबडं नसतं."

"मग त्याला एकदा हेळेवाडीला येऊन जा म्हणावं," मी म्हणाले.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षे लोटली. त्या वेळी इंगवले तालमीचा कारभार माझ्याकडे होता. तालीम माझ्या सासऱ्यांनी उभी केली, यजमानांनी सांभाळली आणि त्यांच्यामागे ती माझ्या शब्दावर चालत असे. माझा मुलगा साखर कारखान्याच्या नोकरीत गुंतलेला. त्याला कुस्ती पाहायला आवडे, तालीम चालवायला नाही. दरवर्षी यात्रेला आम्ही मैदान भरवीत असू आणि शेवटच्या कुस्तीला सासऱ्यांच्या नावाची चांदीची गदा ठेवीत असू. त्या वर्षी ती गदा माझ्या नातवाने, संताजीने जिंकली होती. निदान तसे जाहीर झाले होते.

हेमांगी संताजीची आई. मिरजेच्या एका फोटोग्राफरची ती मुलगी. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या पेटीत साड्यांच्या घडीखाली कॅमेरा निघाला. मुंजी-बारशांना उपयोग होईल, असे मी तेव्हा म्हणाले होते. पण तिला बसलेली माणसे टिपण्यात रस नव्हता. तिला पळणारी, उडी मारणारी, पडता पडता सावरणारी माणसे हवी असत. कबड्डी झाली, बैलगाड्यांच्या शर्यती झाल्या, आणि मग एक दिवस ती डोक्यावरचा पदर खोचून कुस्तीच्या आखाड्याच्या अगदी कडेला, एक गुडघा जमिनीला टेकून बसली. बायकांनी आखाड्याजवळ जाऊ नये अशी आमच्याकडची रीत. लोक कुजबुजले. इंगवल्यांच्या सुनेने कुठे बसायचे ते इंगवल्यांच्या घरातली मोठी बाई ठरवील, एवढेच मी म्हटले आणि कुजबुज थांबली. आखाड्याच्या आत मात्र तिने कधी पाऊल टाकले नाही. तेवढे मीही चालवून घेतले नसते.

यात्रेच्या त्या कुस्तीविषयी आधी सांगायला हवे. मायाप्पा लवटे जतकडच्या माळावरचा, धनगराचा मुलगा. केरबा वस्तादांनी त्याला घडवला होता. संताजी उंच, गोरा, घरच्या दुधातुपावर वाढलेला. मायाप्पा बुटका, रुंद आणि असा काळा की घामाने भिजला म्हणजे नुकत्याच तेल लावलेल्या दगडी मूर्तीसारखा चमके. दिवस मावळतीला आला होता. संताजीने ढाक हा डाव लावून त्याला खाली आणला, पण मायाप्पा पडता पडता मान आणि टाचा रोवून कमानीसारखा उभा राहिला. कुस्तीत पाठ जमिनीला टेकली की संपले. तोवर काही संपत नाही. संताजी वरून दाबत होता, लोक उठून पुढे सरकले, पंच गणपतराव दुसऱ्या अंगाला होते. त्यांनी वाकून पाहिले आणि शिट्टी फुंकली.

त्यानंतर जे होते तेच झाले. माणसे आखाड्यात घुसली, फेटे आणि माती उधळली गेली, संताजीला खांद्यावर घेतले. मायाप्पाच्या अंगावरून किती पाय गेले कोण जाणे. तो उठला तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत मातीच माती होता. पाठ पाहून काही ठरवण्यासारखे उरलेच नव्हते. तो तसाच माझ्या व्यासपीठासमोर आला.

"आईसाहेब, माजी पाठ लागली न्हाय," तो म्हणाला. "बिरोबाची आन."

गणपतरावांनी निकाल दिला होता. मी गदा संताजीच्या हाती दिली.

आता त्याच क्षणाचा फोटो हेमांगीच्या रिळात सापडला होता. त्यामुळे तो निळा कागद पाहून पोरे हसली तरी त्याची उत्सुकता सगळ्या तालुक्याला होती. साप्ताहिकाचा संपादक यात्रेचा रंगीत अंक काढणार होता आणि दाराशी येऊन बसला होता. हेमांगीने लॅबला निरोप पाठवला की तांबडा कमी पडला आहे. तिथल्या माणसाने मन लावून तांबडा वाढवला. दुसरा फोटो आला तो पाहून मी प्रसन्न झाले. माती पेटल्यासारखी, संताजीच्या छातीपोटावर केशराची झाक, एखाद्या जुन्या चित्रातला योद्धाच. आणि खाली मायाप्पाची पाठ, खांद्यापासून कमरेपर्यंत तांबडीलाल.

"माती लागली आहे की," गणपतराव म्हणाले आणि त्यांनी सुटकेचा श्वास टाकला. "मी म्हणत नव्हतो?"

हेमांगीने मला बाजूला घेऊन सांगितले की हा रंगही खरा नाही. पहिल्यात तांबडा मारला होता, यात तो भरमसाट ओतला आहे. तिला स्वतः मिरजेला जाऊन बसावे लागेल. मी म्हटले, सावकाश जा, तालमीत लावायची मोठी प्रत तुझ्या मनासारखी काढ. अंक थांबणार नाही. संपादक तो तांबडा फोटो घेऊन गेला.

अंक निघाला आणि वाद मिटला. आमच्या बाजूने तो इतका मिटला की कुणी त्याचा उच्चारही करीना. त्या बाजूला काय झाले ते नंतर कानावर आले. कुस्ती हरल्याबद्दल मायाप्पाला कुणी काही म्हणाले नसते. पण त्याने बिरोबाची आण घेतली होती, आणि फोटोत तर पाठीला माती होती. त्याच्या वस्तीवर देवाच्या जत्रेत त्याला ढोल धरू दिला नाही. भंडाऱ्याची ताटली त्याच्यापुढून तशीच पुढे गेली. केरबा वस्तादांनी त्याला सांगितले, हार मी पोटात घालीन, खोटी आण घालता येणार नाही, आणि तालमीचे दार बंद केले. मुलगा मेंढरे घेऊन माळावर गेला.

हेमांगीने हे ऐकले तेव्हा ती माझ्यासमोर भाजी निवडत होती. निवडलेली भाजी तिने तशीच ताटात ठेवली आणि सकाळच्या पहिल्या गाडीने मिरजेला गेली.

ती परतली तो दिवस मला लख्ख आठवतो. दुपारची वेळ होती. दिवाणखान्याच्या खिडकीपाशी भरपूर उजेड असतो. तिथल्या टेबलावर तिने गुंडाळी सोडली आणि चारी कोपऱ्यांवर माझीच अडकित्ता-पानदानाची भांडी वजनाला ठेवली. फोटो सुरेख उतरला होता. माती माझ्या आखाड्याची होती. संताजी संताजीसारखा होता. आणि मायाप्पाचा काळा रंग मी प्रथमच नीट पाहिला. काजळासारखा सपाट नव्हे, त्यात जांभळ्याची, तांब्याची, पिकल्या चिंचेची झाक होती. लॅबमधल्या इरफानला शेजारी बसवून, काढलेला प्रत्येक कागद पुन्हा पुन्हा फेकायला लावून तिने हा रंग मिळवला होता. इरफानने शेवटी कंटाळून विचारले म्हणे की ताई, सावळ्या माणसाला थोडा उजळ केला तर कुणाची तक्रार येते का कधी? ती म्हणाली, माझी येते.

"छान आहे," मी म्हणाले. मी सहसा एवढेही म्हणत नसे.

तिने एक जाड पुठ्ठा काढला. मधोमध रुपयाएवढे भोक पाडलेले. तो तिने फोटोवर ठेवला.

"आईसाहेब, भोकातून काय दिसतं?"

मी चष्मा लावला. तांबूस डाग होता.

"माती."

तिने पुठ्ठा उचलला. ती वाकलेल्या गणपतरावांच्या पांढऱ्या सदऱ्याची बाही होती. वरच्या बाजूने स्वच्छ पांढरी, खालच्या बाजूने तांबूस. तिने पुठ्ठा पुन्हा ठेवला, दुसरीकडे.

"आणि हे?"

"तेच. माती."

पुठ्ठा उचलला तर ते संताजीचे पोट होते. त्याच्या पोटाला माती लागायचे काही कारणच नव्हते. तो वर होता.

तिसऱ्यांदा पुठ्ठा कुठे ठेवला जाणार हे मला तोवर कळले होते. मी तिच्याकडे पाहिले. ती माझ्याकडे पाहत नव्हती. ती फोटोकडे पाहत होती.

"दिवस मावळताना ऊन आडवं येतं," ती म्हणाली. "मातीवर पडतं आणि माती ते वर फेकते. खालच्या अंगाला जे जे असेल ते तांबडं दिसतं. बाही, पोट, पाठ. खरी माती कुठे आहे ते पाहा, त्याच्या दंडावर. कुस्तीआधी संताजीनं सलामीला लावलेली. तिथली चमक मेली आहे. माती लागली की घाम चमकत नाही. पाठ चमकते आहे, आईसाहेब. तिच्याखाली बोटभर तरी उजेड आहे."

मी पुष्कळ वेळ भिंग घेऊन पाहिले. ती चमकत होती.

"मग हे आधी कसं दिसलं नाही?"

"तांबडा इतका ओतला की सगळं एक झालं." पुढचे बोलावे की नाही याचा तिने विचार केला असावा, कारण तिने पदर सारखा केला. "आणि हाच रंग संताजीच्या पोटावर दिसला तेव्हा आपण त्याला तेज म्हणालो. मायाप्पाच्या पाठीवर दिसला तेव्हा माती म्हणालो."

माझ्यासमोर असे बोलणारे माणूस त्या घरात दुसरे नव्हते. मी भिंग खाली ठेवले.

"हा आणखी कुणी पाहिला?"

"इरफाननं. पण तो रंग बघतो, कुस्ती बघत नाही."

"निगेटिव्ह?"

"माझ्याकडे."

"म्हणजे तू बोलली नसतीस तर कुणाला कधी कळलं नसतं."

"नसतं कळलं."

"तुझा मुलगा आहे तो."

"माझाच आहे," ती म्हणाली. "पण मायाप्पाला पंचांनी नुसतं हरवलं असतं तर मी गप्प बसले असते. त्याला माझ्या फोटोनं खोटा ठरवलंय. देवाच्या दारात."

सासू म्हणून मी तिला छप्पन्न गोष्टी शिकवल्या असतील. हे मी शिकवलेले नव्हते. ते ती बापाच्या फोटो धुण्याच्या काळोख्या खोलीतून घेऊन आली होती आणि माझ्या घरात इतकी वर्षे साड्यांच्या घडीखाली ठेवून राहिली होती.

"संताजीला बोलाव," मी म्हणाले.

तो आला, त्याने फोटो पाहिला, पुठ्ठ्यातून पाहिले, आणि त्याचा चेहरा तापला. शिट्टी पंचांनी वाजवली, त्याने नव्हे; गदा त्याने मागितली नव्हती, दिली गेली होती; आता हे उकरून काढायचे ते कशासाठी, असे तो बरेच बोलला. मी त्याला बोलू दिले. शेवटी तो आईकडे वळला.

"तू माझी आई आहेस का त्याची?"

"तुझी. म्हणून हे तुला घरात कळतंय, चावडीवर नाही."

तो खाली बसला. जरा वेळाने आवाज उतरला.

"माझा हात त्याच्या पाठीखाली होता, आज्जी. हाताला माती लागत होती. पाठ वर होती का टेकली, ते कळायच्या आत शिट्टी झाली."

"आणि नंतर?"

"नंतर सगळ्यांनी उचललंच की."

त्याचे ते उत्तर मला आवडले नाही, आणि ते खरे होते. मी ड्रायव्हरला जीप काढायला सांगितली. कुठे जायचे ते मी बोलले नव्हते आणि गदेचे नावही काढले नव्हते. ती संताजीने आणली. स्वतःच्या हाताने खुंटीवरून काढली, मागच्या बाकावर मांडीवर घेऊन बसला आणि जतपर्यंत तशीच धरून राहिला.

केरबा वस्ताद आम्हांला पाहून उठून उभे राहिले. मोठ्या घरची बाई आपणहून दारात यावी याचे त्यांना नवल वाटले असावे, पण नवल दाखवणाऱ्यांतले ते नव्हते. मायाप्पाला माळावरून बोलावून आणले. खांद्यावर घोंगडे, हातात काठी. तो माझ्या पाया पडला आणि गदेकडे त्याने एकदाही पाहिले नाही.

हेमांगीने जमिनीवर फोटो पसरला आणि मला सांगितले तेच सगळे त्यांना सांगितले. पुठ्ठा दिला, बाही दाखवली, पोट दाखवले, पाठ दाखवली. आपल्या मुलाविषयी सांगताना तिने एकही शब्द मऊ केला नाही. वस्तादांनी फार वेळ पाहिले. मग ते पुठ्ठा तसाच हातात धरून मायाप्पासमोर जाऊन उभे राहिले.

"मी तुला दार लावलं," ते म्हणाले.

"लावलं ते बराबर केलं, वस्ताद," मायाप्पा म्हणाला. "फोटू बघून मीबी घोटाळलो हुतो. म्हनलं, लागली आसंल की काय."

हे ऐकले आणि हेमांगीने तोंड फिरवले. माझ्या सुनेच्या डोळ्यांत मी पाणी पाहिले ते तेवढेच.

मी संताजीला खूण केली. त्याने गदा पुढे केली. मायाप्पाने हात मागे घेतला.

"ह्यो फोटू तेवढा द्या," तो म्हणाला. "पुजाऱ्याला दावतो."

"फोटो तुझाच आहे," हेमांगी म्हणाली.

"आणि गदा?" मी विचारले.

उत्तर केरबा वस्तादांनी दिले. "आक्कासाहेब, गदा काय जीपमधनं येत न्हाई. ती आखाड्यातनं येती. पोराची पाठ लागली न्हाई, म्हंजी कुस्ती सुटलीच न्हाई. ती अजून चालू हाय. पैलवान कडंला गेले तर आपन काय करतो? त्याच पकडीत मधी आनून परत शिट्टी देतो. तसं करा. जिथं थांबली तिथनं धरा."

मी आयुष्यात अनेक मागण्या ऐकल्या, पण इतकी न्याय्य आणि इतकी अवघड मागणी ऐकली नाही. नवी कुस्ती लावणे सोपे होते. ते म्हणत होते त्यात मायाप्पाला मान मोडून, टाचा रोवून, माझ्या नातवाच्या ओझ्याखाली पुन्हा कमान व्हायचे होते. मायाप्पा नुसता मान हलवत होता.

"चालेल," संताजी म्हणाला. आम्ही कुणी त्याला विचारले नव्हते.

आमच्याच मैदानावर, दिवस मावळताना कुस्ती लावायची ठरली. मी दवंडी दिली नव्हती तरी गाव लोटले. मी चहूबाजूंनी दोर बांधवला आणि सांगितले की शिट्टीनंतर जो कुणी दोर ओलांडील त्याला पुढे इंगवल्यांच्या मैदानावर पाय ठेवता येणार नाही. गणपतराव पंच म्हणून आले. चूक त्यांची होती आणि ती त्यांनी लोकांसमोर स्वतःहून सांगितली, याबद्दल मी त्यांना मानते.

मग एक अडचण निघाली. दोघांना त्याच अवस्थेत आणायचे कसे? हेमांगी दोराबाहेर फोटो घेऊन उभी होती आणि तिथून सांगत होती. हात आत, पाय मागे, नव्हे, एवढा नव्हे. वस्ताद एकाला हलवीत, गणपतराव दुसऱ्याला, आणि तिसऱ्याच कुस्तीची आकृती होई. लोकांत खसखस पिकली. ऊन उतरत होते.

"लांबून कसं जमायचं?" वस्ताद वैतागून म्हणाले.

सगळे माझ्याकडे पाहू लागले, आणि कशासाठी ते मला समजत होते. आखाड्यात बाईने पाऊल ठेवायचे नाही ही रीत माझ्या सासऱ्यांची होती, आणि ती मोडायला त्या मैदानावर दुसऱ्या कुणाला अधिकार नव्हता.

"हेमांगी," मी म्हणाले, "चपला काढ आणि आत जा."

तिने चपला काढल्या. माती कपाळाला लावली आणि ती आत उतरली.

ती आधी मुलापाशी गेली. फोटोकडे पाहून तिने त्याचा डावा हात मायाप्पाच्या पाठीखाली आणखी आत सरकवला, गुडघा पुढे रेटला, छातीचा भार जिथे होता तिथे आणला. त्याचा जो फायदा होता तो तिने तसूभरही कमी केला नाही. मग ती मायाप्पाच्या डोक्याशी बसली. त्याचा चेहरा उलटा, मानेच्या शिरा ताणलेल्या.

"दुखतंय का रे?"

"दुकनारच की, मावशी," तो दातांतून म्हणाला. "टाच माजी एवढी बाहीर न्हवती. आत हुती. आत घ्या."

टाच आत घेणे म्हणजे त्याचाच आधार कमी होणे. हेमांगीने फोटो डोळ्यांजवळ नेला.

"खरं आहे," ती म्हणाली आणि तिने त्याची टाच आत घेतली.

दोराबाहेर उभ्या असलेल्या शेकडो माणसांनी ते पाहिले. ज्याच्यावर खोट्या आणेचा ठपका होता, तो मान मोडून पडलेला असताना स्वतःच्या तोट्याची दुरुस्ती सांगत होता. माझ्या शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या पैलवानाने डोक्यावरचा पटका काढून मांडीवर ठेवला. खरे म्हणजे निकाल तिथेच लागला होता. पण कुस्ती व्हायची होती.

हेमांगी उठली, कडेला येऊन नेहमीसारखी एका गुडघ्यावर बसली. गणपतराव या खेपेला पोटावर आडवे झाले, गाल मातीला टेकवून. शिट्टी झाली.

संताजीने हयगय केली असे कुणी म्हणू नये. त्याने सगळे अंग ओतले. मायाप्पाची कमान थरथरली, खचली, पुन्हा उचलली. गणपतरावांची मान नकारार्थी हलत राहिली. मग तो काळा देह डावीकडे असा वळला की संताजीचा खालचा हात मोकळा पडला, आणि कमान सुटून दोघे उभे राहिले. पुढचे फार लांबले नाही. मायाप्पाने घिस्सा डाव मारला. माझा नातू हवेत गेला आणि पाठीवर आपटला. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

शिट्टी झाली. दोर कुणी ओलांडला नाही.

संताजी उठला. तो पंचांकडे गेला नाही, माझ्याकडे आला नाही. सरळ आईसमोर जाऊन उभा राहिला आणि त्याने तिच्याकडे पाठ केली.

"बघ, आई."

हेमांगीने उजवा हात पसरून त्याच्या पाठीवर ठेवला, खांद्यापासून खाली फिरवला आणि तळवा वर करून पंचांना, वस्तादांना, सगळ्या मैदानाला दाखवला. तांबडा, भरलेला.

"लागली," ती म्हणाली.

तोच हात तिने पोराच्या डोक्यावरून एकदा फिरवला आणि पदराला पुसला. मग लोकांचा जो गलका उठला त्यात मी खाली उतरले. गदा उचलून मी मायाप्पाच्या खांद्यावर ठेवली आणि त्याला चार शब्द सांगण्यासाठी समोर उभी राहिले. इंगवले घराण्याची वडीलधारी म्हणून ते बोलणे माझेच होते. ते मी मनात जुळवूनही ठेवले होते.

"आईसाहेब," मागून हेमांगीचा आवाज आला. तिने कॅमेरा डोळ्याला लावला होता. ऊन अगदी टेकायला आले होते. "जरा बाजूला व्हा. तुमची सावली त्याच्यावर पडते आहे."

मी बाजूला झाले.